थर्मामीटर की विंड चिल? अंटार्क्टिकात बाहेर पडण्याआधी

भारताच्या मैत्री तळावर थर्मामीटर उणे २० दाखवतोय आणि वारा ताशी ३० किमी आहे. विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी, निघतो उणे ३३. मग ठरवायचं कशावर?

उघड्या चेहऱ्यासाठी विंड चिलच बघा. उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. वारा नसला तरी स्नो-स्कूटरचा (बर्फावरच्या गाडीचा) वेग हिशेबात धरायचा. हे हमखास विसरलं जातं. जोडीदाराच्या नाकाकडे, गालांकडे लक्ष ठेवा. मेणासारखा पांढरा डाग दिसला की उबदार तळहात नुसता टेकवून ठेवायचा. चोळायचं अजिबात नाही, पेशी आणखी फाटतात.

पण हा आकडा कोरड्या चेहऱ्यापुरता आहे. घामाने ओला झालेला हातमोजा त्यात येत नाही, ऊनही नाही. शिवाय वारा कितीही असो, कोरडी त्वचा हवेच्या तापमानाखाली जात नाही. त्यामुळे हवा अधिक २ आणि विंड चिल उणे ८ असेल तर हिमदंश, म्हणजे त्वचा गोठणं, होत नाही. हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायकरीत्या घसरणं, मात्र होऊ शकतो.

पाना, नळी, इंधन हाताळताना थर्मामीटरच खरा. विमानाचं इंधन उणे ४० लाही पातळच असतं. उघड्या बोटांवर सांडलं तर क्षणात हिमदंश. म्हणून इंधन भरताना वेगळे, इंधन न शोषणारे हातमोजे लागतात, लोकरीचे चालत नाहीत.