सेकंडहँड पोल घेताना मी कसा फसलो

इंग्लंडात राहणाऱ्या आणि तळ्यावरच्या मासेमारीच्या स्पर्धांत नुकतेच उतरलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. जुना पोल, म्हणजे मासे धरायची लांब काठी, विकत घेताना माझे ६५० पौंड गेले. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच: एका रविवारी सकाळी वीस-बावीस माणसांदेखत मीच लबाडी करायला आलोय असं दिसलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे शेतजमिनीत खणलेली तळी असतात. त्यांत कार्प आणि एफ-वन नावाचा कार्पचा संकर दाटीने सोडलेला असतो. अशा तळ्यांना कमर्शियल म्हणतात. काठावर बसायच्या ठरावीक जागा असतात, त्या पेग. सकाळी चिठ्ठी काढायची, नंबर येईल त्या पेगवर बसायचं, पाच-सहा तास मासे धरून पाण्यातल्या जाळीत ठेवायचे आणि शेवटी वजन करून सगळे जिवंत सोडून द्यायचे. खायला कोणी नेत नाही. गळाला उलटा काटा चालत नाही, एका जाळीत किती वजन ठेवायचं यालाही मर्यादा असते. बऱ्याच ठिकाणी ती ५० पौंड, म्हणजे साधारण २३ किलो.

मी सांगलीचा. लहानपणी कृष्णेच्या घाटावर बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, मोरपिसाचा देठ तरंगायला आणि गळाला कणकेची गोळी, एवढ्यावर दुपार जायची. इथे आल्यावर कळलं की इथल्या जुन्या लोकांचे फ्लोटही मोरपिसाच्या देठाचेच असायचे. त्या दिवशी हा खेळ मला आपला वाटला. म्हणून स्पर्धेत उतरायचं ठरवलं आणि पोल शोधायला लागलो.

पोल म्हणजे रीळ नसलेली, १६ मीटरपर्यंत लांब होणारी कार्बनची पोकळ काठी. सेक्शन एकात एक बसतात. मी त्यांना कांडीच म्हणतो, उसाची असतात तशी. शेंड्याच्या कांड्यांत रबर ओवलेलं असतं. मासा पळाला की ते ताणलं जाऊन त्याला दमवतं. चांगला नवा पोल दोन-तीन हजार पौंडांच्या पुढे जातो. नवशिका तेवढे कुठून घालणार? त्यामुळे सगळे सेकंडहँडकडे वळतात, आणि फसवणारे नेमके तिथेच टपलेले असतात.

जाहिरात एका खरेदी-विक्रीच्या ॲपवर होती. सोळा मीटरचा, नामांकित कंपनीचा वरच्या श्रेणीतला पोल, चार-पाच वेळाच वापरलेला, पाठीच्या ऑपरेशनमुळे विकतोय. सोबत रबर ओवलेले तीन टॉप किट, म्हणजे शेंड्याच्या कांड्यांचे जादा संच, चारा टाकायच्या वाट्या आणि पाच किलो पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याचे दाणे. किंमत ७००. मी फोन केला. माणूस बोलायला फार गोड. मी कुठल्या तळ्यावर जातो ते विचारलं, तिथे कुठल्या पेगवर एप्रिलमध्ये एफ-वन लागतात ते सांगितलं, थंड पाण्यात चारा मूठभर न टाकता चिमटीने टाक म्हणाला. हे सगळं बरोबर होतं. पुढे मी स्वतः पडताळून पाहिलं, एक शब्द खोटा नव्हता. अर्ध्या तासात मला वाटलं, हा गुरूच भेटला.

भेटायचं ठरलं मोटरवेच्या कडेच्या कार पार्कात, संध्याकाळी सहाला. मार्च महिना, अंधारून आलेलं, वर रिमझिम. मी म्हटलं, एकदा पूर्ण जोडून दाखवा. तो म्हणाला, इथे खाली वाळू आणि खडी आहे, सांध्यात एक कण गेला तरी कार्बन घासला जातो, नवा पोल खराब होईल. मग त्याने दिव्यांच्या खांबांकडे आणि पलीकडच्या तारांकडे बोट दाखवलं. कार्बनमधून वीज जाते, तारांजवळ पोल उभा करायचा नाही, तळ्यांवर पाट्या असतात त्या बघितल्या असशील.

दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या आहेत. सांध्यात कण जाऊ द्यायचा नसतो, आणि तारेला पोल लागून इथे माणसं मेलेली आहेत. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण मी स्वतःला सावध समजत होतो आणि खोटं ऐकायला कान टवकारून बसलो होतो. त्याने मला खोटं सांगितलंच नाही. नियम खरे सांगितले आणि ते पुढे करून पोल जोडायचा टाळला. हिरवळीवर, पाऊस नसताना, चादर अंथरून भेटू असं म्हणायचं मला सुचायला हवं होतं. त्याने तीन-चार कांडी पिशवीतून अर्धी बाहेर काढून मोबाइलच्या उजेडात दाखवली. वरचा रंग चकचकीत. दुसरा एक जण उद्या ७०० घेऊन येतोय, तुला आत्ता ६५० ला देतो, म्हणाला.

पैसे मी तिथेच फोनवरून खात्यात टाकले. बँकेच्या ॲपने इशारा दिला होता, खातेदाराचं नाव जुळत नाही. तो म्हणाला, बायकोचं खातं आहे. मी "पुढे जा" दाबलं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी माझी पहिली स्पर्धा. सामान मांडत होतो तेवढ्यात तळ्याचा बेलिफ, म्हणजे रखवालदार, प्रत्येकाचं आमिष बघत आला. त्या तळ्यावर, बऱ्याच तळ्यांवर असतो तसा नियम आहे: पेलेट फक्त तिथल्या दुकानातलेच. सॅमन-ट्राउटसाठी बनवलेले तेलकट पेलेट कार्पला, त्यातून थंड पाण्यात, नीट पचत नाहीत आणि तळ्याचं पाणीही बिघडवतात, म्हणून ही खबरदारी. मला काळजी नव्हती. माझे पेलेट त्याच तळ्याचं नाव छापलेल्या पिशवीत होते.

बेलिफने पिशवीत हात घातला, चार दाणे बोटांत चुरडले, नाकाशी नेले. मग माझ्याच बादलीत मूठभर टाकून उभा राहिला. मिनिटभरात पाण्यावर तेलाचा तवंग आला, इंद्रधनुष्याच्या कडेचा, आणि खवट वास सुटला. हे आमचे नाहीत, तो म्हणाला. पिशवी आमची आहे, माल आमचा नाही.

शेजारच्या पेगवरचा माणूस हातातलं काम थांबवून बघत होता. मी समजावून सांगत होतो, विकत घेतलेत, असेच मिळाले. पण ऐकणाऱ्याच्या नजरेतून बघा: नवा माणूस, ओळखीचं कोणी नाही, आणि तळ्याच्या पिशवीत बंदी असलेला माल. बेलिफ भला होता. गाडीत ठेव आणि दुकानातून दोन किलो घेऊन ये, एवढंच म्हणाला. पण परत येईपर्यंत ती गोष्ट काठाने माझ्या पुढे गेली होती. इतर वेळी सहज बोलणारे लोक मान वळवत होते.

दुसरा धक्का दुपारी बसला. समोरच्या बेटाच्या कडेला पूर्ण सोळा मीटरवर धरून, गळाला चार मिलिमीटरचा मऊ पेलेट लावून बसलो होतो. फ्लोट बुडाला, हलकेच उचललं, रबर ताणत बाहेर आलं. मोठा कार्प असावा, उजवीकडे पळाला. मी पोल फिरवला आणि कडाड असा आवाज झाला. हातात उरलेलं एकदम हलकं. पाचवं कांडं मधोमध फाटून पुढचं सगळं पाण्यात पडलं होतं. मासा ते ओढत काठच्या लव्हाळ्यात शिरला. सुदैवाने गळ बिनकाट्याचा असल्यामुळे तो सुटून गेला, आणि पोलचं शेंड्याकडचं टोक बेलिफने होडीतून आणून दिलं.

घरी आल्यावर ते तुटलेलं टोक खिडकीशी धरून पाहिलं. बाहेरून काळंभोर. आत बोट घातलं तर एक कडा लागली, जणू आत दुसरी नळी चिकटवलेली. कांडं आधीच मोडलेलं होतं, आतून ठिगळ लावून बाहेरून पॉलिश मारून वर नवं स्टिकर डकवलं होतं. दुरुस्ती करणं गुन्हा नाही. चांगले कारागीर ती करतात आणि विकणारा सांगतो, त्याप्रमाणे किंमत कमी होते. इथे ती लपवली होती.

पुढचा भाग क्लबातल्या एका आजोबांनी उलगडला. चाळीस वर्षं स्पर्धा खेळलेला माणूस. त्यांनी माझी सगळी कांडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक करून तोलली. एकूण वजन कंपनीने दिलेल्या आकड्याहून १४० ग्रॅम जास्त भरलं, आणि ते सगळं सहाव्या-सातव्या कांड्यांत होतं. त्यांनी कारण सांगितलं. लोखंडी दांड्यावर कार्बनचं कापड गुंडाळून, भट्टीत तापवून कांडं बनवतात. त्या दांड्याला मँड्रेल म्हणतात. एकच कंपनी एकाच मँड्रेलवर स्वस्त पोलही बनवते आणि महागही. फरक कार्बनच्या दर्जात. त्यामुळे स्वस्त पोलचं कांडं महागड्या पोलमध्ये बरोब्बर बसतं. मालकाच्या सोयीसाठी केलेली ही रचना फसवणाऱ्याला आयती सापडते. माझ्या पोलचं सहावं आणि सातवं कांडं त्याच कंपनीच्या खालच्या श्रेणीचं होतं, वर महागड्या पोलचं नाव चिकटवलेलं.

मग त्यांनी एक नाणं घेतलं आणि चांगलं चौथं कांडं वाजवलं. टण्ण. तुटलेलं पाचवं, ठिगळावर वाजवलं. बद्द. आपल्याकडे माठ घेताना आई बोटाच्या पेराने वाजवून घ्यायची, ते मला आठवलं. मी आयुष्यभर माठ वाजवून घेतला आणि ६५० पौंडांची वस्तू न वाजवता घेतली.

त्यांनी शिकवलेलं इथे देतो. प्रत्येक कांड्यात टॉर्च घालून आत बघायचं, कडा किंवा खरबरीत पट्टा दिसतो का. सांधा बसवून गोल फिरवायचा. कुठे घट्ट, कुठे सैल लागला तर नळी दबलेली आहे. जोडाच्या तोंडाशी नखाने चाचपायचं, केसासारखी चीर नखाला कळते, डोळ्याला नाही. स्टिकर फुगलेलं, तिरकं किंवा बाकीच्यांहून नवं दिसलं तर तिथेच नाणं वाजवायचं. छोटा वजनकाटा बरोबर न्यायचा. आणि पूर्ण लांबी जोडून पाण्यावर किंवा मोकळ्या गवतावर, तारा नाहीत तिथे, धरून बघायचा. हे करायला विकणारा वेळ देत नसेल तर तो पोल सोडायचा, ५० पौंडांत मिळत असला तरी.

पैशांसाठी मी काय काय केलं तेही सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये बँक ट्रान्सफरच्या फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायचं बंधन बँकांवर आहे. मी त्याच भरवशावर होतो. बँकेने सांगितलं, वस्तू तुम्हाला मिळाली आहे, तिच्या दर्जावरून वाद आहे. तो तुमचा आणि विक्रेत्याचा खाजगी वाद, या नियमात बसत नाही. छोट्या दाव्यांच्या कोर्टात १०,००० पौंडांपर्यंत दाद मागता येते, पण प्रतिवादीचा पत्ता लागतो, आणि मी माणसाला भेटलो होतो कार पार्कात. फोन बंद, जाहिरात गायब. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेला कळवलं, त्यांनी माहिती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीचा तपास करणाऱ्या सरकारी खात्याकडे, पाठवली. खाजगी विक्रेता असल्याचा आव आणून धंदा करणं इथे बेकायदा आहे, म्हणून तुम्हीही कळवा. एकाच माणसाच्या चार तक्रारी जमल्या तर काहीतरी हालेल. घरी जाऊन वस्तू घेणं, दाराचा नंबर बघणं आणि जाहिरातीचे फोटो त्याच दिवशी सेव्ह करणं, एवढं केलं असतं तर माझा दावा उभा राहिला असता.

पेलेटबद्दल एकच. उघडी पिशवी कोणाकडूनही घेऊ नका, फुकट दिली तरी. तळ्यावर पोचून तिथल्या दुकानातून घ्या आणि पावती खिशात ठेवा.

जूनमध्ये मी दुसरा पोल घेतला, साडेचौदा मीटरचा, क्लबातल्याच एका निवृत्त माणसाकडून. त्याच्या घरामागच्या हिरवळीवर त्याने जुनी चादर अंथरली, कांडी ओळीने मांडली आणि मी काही विचारायच्या आत तिसरं उचलून माझ्या हातात दिलं. इथे चीर होती, मी दुरुस्त करून घेतलीय, बोट लावून बघ, म्हणाला. मग खिशातून नाणं काढून मला दिलं आणि चहा ठेवायला आत गेला.