पहिली लाँग राइड: अक्कलकोट की तुळजापूर?

सोलापुरात सायकल हाती घेतलेल्या माणसाला पंचवीस-तीस किलोमीटर अंगवळणी पडले की हा प्रश्न हमखास पडतो. दोन्ही रस्ते चौपदरी, जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर, टोकाला देवदर्शन आणि वाटेत चहा-कॉफी. पायांना मात्र दोन्ही अगदी वेगळे लागतात.

अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, कुंभारी-वळसंगवरून. रस्ता बहुतेक सपाट, चढ आहेत ते लांबट आणि सौम्य, रेल्वेच्या वाटेसारखे. परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून सायकलचे रस्ते केलेत. न्यूझीलंडमधला ओटागो सेंट्रल हा त्यातला नावाजलेला: १९९० साली गाडी थांबली, २००० साली १५२ किलोमीटरचा मार्ग सायकलींसाठी खुला झाला. इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही म्हणून रेल्वेची वाट सहसा दोन टक्क्यांच्या आतल्या चढावरच आखलेली असते. तिथे मोटारी नसतात, आपल्याकडे ट्रक आणि एसटी आहेत, हा फरक मोठाच. पण पेडल मारण्याची जात विचाराल तर अक्कलकोट रोड त्याच्या सगळ्यात जवळचा.

आता सपाट म्हणजे सोपा, असं धरून निघू नका. चढ-उताराच्या रस्त्यावर उतार लागला की पाय थांबतात, बूड सीटवरून उचललं जातं. सपाटीवर पेडल थांबतच नाही. दोन तासांनी मांड्यांआधी बूड, मनगटं आणि मान बोलायला लागतात. सीट बोटभर जरी खाली असली तरी तीस किलोमीटरवर गुडघा सांगतो. म्हणून गिअर हलका ठेवा, पाय भराभर फिरू द्या, दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहा आणि हँडलवरची पकड बदला. पहिल्या लाँग राइडला हेच शिकायचं असतं, म्हणून माझं मत अक्कलकोटला.

एक अट आहे, वाऱ्याची. अक्कलकोट सोलापूरच्या आग्नेयेला. जून-जुलैत पश्चिमेचा वारा जाताना पाठीवर असतो आणि आपण फार जोरात आहोत असं वाटतं. परतताना तोच वारा छातीवर येतो, तेही पाय थकल्यावर. त्या दिवसांत जाताना मुद्दाम ताकद राखा. डिसेंबर-जानेवारीत वारा बहुतेक पूर्वेकडचा, म्हणजे कष्ट आधी आणि परतीला मदत. पहिल्या राइडला हेच महिने धरा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा ऐंशी किलोमीटरचा हट्ट नको.

तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तुळजापूर साडेसहाशेच्या, आणि त्यातला बराच चढ शेवटच्या घाटात. तामलवाडीपर्यंत दमाने गेलात तर घाट जमतो, तिथवर घाई केली तर घाटात उतरून सायकल ढकलावी लागते. मागे मोठा दातेरी गिअर असलेली हायब्रिड किंवा एमटीबी (डोंगरी वाटांची माउंटन बाइक) असेल तर बसल्या बसल्या चढता येतं. सिंगल गिअरवर पहिल्यांदाच जाऊ नका. पण वर पोचल्यावरची कॉफी ही तुळजापूरचीच. अंतर अर्धं झालेलं, चढ संपलेला, आणि परतीला आधी उतार. घाट उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडत-दाबत वापरा; सतत दाबून धरले की रिम तापते. ट्रकच्या मागे चिकटू नका.

कॉफीबद्दल स्पष्ट सांगते. हायवेवरच्या धाब्यांवर चहा चांगला मिळतो, कॉफी म्हणजे बहुतेक ठिकाणी पावडर आणि फेसाळलेलं दूध. फिल्टर कॉफीच हवी तर शहरातल्या उडुप्याकडे परतल्यावर प्या. अक्कलकोटला जाताना थांबा वळसंगला घ्यावा, म्हणजे अंतराचे सरळ दोन तुकडे पडतात. पंधरा-वीस मिनिटं पुरेत, जास्त बसलं की पाय आखडतात. पुरी-भाजीची प्लेट मागवू नका. कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाचटणी डब्यातून न्या: भाकरी मऊ पडत नाही, चटणी सांडत नाही, घामाने गेलेलं मीठही थोडं भरून निघतं. माझ्या हँडलबॅगेत एनर्जी बारपेक्षा हाच डबा असतो.

वारही बघून ठरवा. अक्कलकोट रोडला गुरुवारी गर्दी, तुळजापूर रोडला मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरचा रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांचा असतो, तेव्हा सायकल दुसरीकडे काढावी.

रेल्वेच्या वाटेचंच आकर्षण असेल तर सायकली गाडीवर टाकून बार्शीला जा आणि तिथून कुर्डुवाडी गाठून परत या, सत्तर किलोमीटरच्या आसपास. ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची, रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली या दोन गावांमध्येच सुरू झाली. आता तिथे ब्रॉडगेज धावते, त्यामुळे रुळांच्या कडेने नाही, रस्त्यानेच जायचं. रस्ता त्या दोघांपेक्षा अरुंद आहे, उसाच्या ट्रॉल्यांच्या हंगामात अंधारात निघू नका.