सोसायटीच्या निसर्ग मंडळासाठी आयनॅचरलिस्ट: नोंदवही म्हणून उत्तम, मोजणीसाठी अपुरं

निसर्ग मंडळ सुरू झालं की व्हॉट्सॲप गटावर फोटो धडाधड येतात. वर्षभराने मात्र कोणत्या झाडावर कोणाचं घरटं होतं, ते कोणत्या महिन्यात, हे कुणालाच सांगता येत नाही. ही विस्मृती थांबवायला आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲप आणि संकेतस्थळाइतकं सोयीचं साधन दुसरं नाही. २००८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते सुरू झालं, २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था ते चालवते. फुकट आहे, जाहिराती नाहीत.

फोटो किंवा आवाज, तारीख आणि जागा एवढं दिलं की नोंद होते. ॲप स्वतः नाव सुचवतं, मग जगभरचे जाणकार आपापलं मत देतात. किमान दोन मतं पडली आणि दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं प्रजातीवर एकमत झालं की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनाला चालेल असा दर्जा, मिळतो. नोंद इतरांनी वापरण्याचा परवाना खुला ठेवला असेल तर ती पुढे जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता साठ्यात जाते. आवारातल्या एका चतुराची नोंद संशोधकाच्या हाती पडते ती अशी.

मंडळांची गाडी पहिल्यांदा अडते ती व्हॉट्सॲपमुळेच. तिथून पाठवलेल्या फोटोतली वेळ आणि जागेची माहिती पुसली जाते. मग एकच उत्साही सदस्य सगळ्यांचे फोटो आपल्या खात्यातून चढवतो, तारीख आजची पडते आणि जागा त्याच्या घराची. शिवाय दुसऱ्याचा फोटो आपल्या नावावर टाकणं नियमात बसतच नाही. ज्याने पाहिलं त्याने आपल्या खात्यातून, मूळ फोटो वापरून नोंद करावी. एका नोंदीत एकच जीव: त्याचे चार फोटो चालतील, चार वेगळी फुलपाखरं चालणार नाहीत. आणि फोटो ओळख पटेल असे हवेत. झाडाचं पान दोन्ही बाजूंनी, फूल किंवा फळ, खोडाची साल. फुलपाखराचे पंख वरून आणि खालून. अळिंबीची खालची बाजू. नुसती वरून काढलेली अळिंबी बहुतेक वेळा ओळखीविनाच पडून राहते.

लावलेली झाडं, कुंड्या आणि पाळीव प्राणी यांच्यावर ‘कॅप्टिव्ह/कल्टिव्हेटेड’ ही खूण करायलाच हवी. सोसायटीची बाग म्हणजे बहुतांश लावलेलीच, त्यामुळे हे विसरलं तर यादी भलतंच चित्र दाखवते. खूण केलेली नोंद ‘कॅज्युअल’ ठरते, म्हणजे रिसर्च ग्रेडला जात नाही, पण म्हणून ती वाया जात नाही. लावलेल्या झाडावरची अळी मात्र रानटीच, तिला ही खूण नको.

सगळ्यात मोठा धोका ‘ॲग्री’ बटणाचा, म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या ओळखीला होकार देणाऱ्या बटणाचा. ॲपने नाव सुचवलं, एकाने ते घेतलं, शेजाऱ्याने कौतुकाने ‘ॲग्री’ दाबलं, की चुकीची ओळखही रिसर्च ग्रेड होऊन बसते. स्वतःला ओळखता येत असेल तरच दाबायचं, हा नियम पहिल्याच बैठकीत ठरवावा. खात्री नसेल तर कुळ किंवा प्रजातीगटापर्यंतच थांबावं. ‘कोळी’ एवढंच लिहिलेली प्रामाणिक नोंद चुकीच्या नेमक्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी.

जागेच्या बाबतीत हे साधन गुंतागुंतीचं आहे. बाल्कनीतला फोटो खुला ठेवला की नकाशावरची टाचणी थेट त्या घरावर बसते. घुबडाचं घरटं किंवा सापाचं बीळ असं उघड करणं तर त्या जिवाच्याच जिवावर बेतू शकतं. धोक्यातल्या अनेक प्रजातींची जागा ॲप आपोआप झाकतं, पण सर्वसाधारण घुबडाची झाकेलच असं नाही. म्हणून घरटी, बिळं आणि घरातून काढलेले फोटो ‘ऑब्स्क्युअर्ड’ करावेत, म्हणजे त्यांची जागा झाकावी. टाचणी मग ०.२ अंशांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेतरी दिसते आणि इतरांना तारखेऐवजी फक्त महिना कळतो.

पण याचा उलटा परिणामही होतो. आवाराची सीमा आखून ‘कलेक्शन’ प्रकल्प, म्हणजे त्या सीमेतल्या नोंदी आपोआप गोळा करणारं पान, केला असेल, तर एवढ्या छोट्या सीमेत झाकलेली नोंद मोजलीच जात नाही. जीपीएसच्या अचूकतेचं वर्तुळ आवारापेक्षा मोठं असलं तरी तेच होतं. नोंद केली पण प्रकल्पात दिसत नाही, ही तक्रार बहुधा त्यातूनच येते. त्यामुळे छोट्या आवारासाठी आम्ही ‘ट्रॅडिशनल’ प्रकल्पच सुचवू. त्यात प्रत्येक नोंद हाताने जोडावी लागते, कंटाळवाणं आहे खरं, पण झाकलेल्या नोंदीही येतात आणि सदस्याने परवानगी दिली तर प्रकल्प चालवणाऱ्यांना खरी जागा दिसते.

कमी पडतं ते मोजणीत. आज दहा चिमण्या होत्या की दोन, आणि किती वेळ पाहिल्यावर, हे ही नोंदवही विचारत नाही. नोंदी वाढल्या म्हणजे पक्षी वाढले असं मुळीच नाही, कदाचित फोन हाती घेऊन फिरणारे वाढले असतील. पक्ष्यांसाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ईबर्ड हे पक्ष्यांच्या याद्या नोंदवणारं साधन जोडीला घ्यावं. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं उभं राहून ‘स्टेशनरी’ यादी करावी, ३० मीटरच्या आतच हालचाल ठेवावी, आणि ओळखलेले सगळे पक्षी संख्येसह लिहून यादी ‘पूर्ण’ म्हणून द्यावी. अशा याद्यांतच एखादा पक्षी नसण्यालाही अर्थ येतो. जागेला नाव देताना फ्लॅट नंबर टाळावा.

लहान मुलांना खातं काढून देण्याची घाई नको. आयनॅचरलिस्टचंच सीक हे ॲप खात्याशिवाय चालतं आणि कॅमेरा रोखला की नाव सांगतं. ते चुकलं तर दुरुस्त करणारं कुणी नसतं, एवढं मुलांना सांगून ठेवावं.

कार्यकारिणीपुढे जायचं असेल तेव्हा प्रकल्पाच्या नोंदी संकेतस्थळावरून सीएसव्ही, म्हणजे तक्त्यात उघडणाऱ्या, फाइलमध्ये उतरवून घेता येतात. नोंदींवर अंडी, अळी, फुलोरा अशा खुणा नियमित केल्या असतील, तर फांद्या छाटण्याची आणि औषधफवारणीची तारीख कोणत्या महिन्यांत नको हे पानभर तक्त्यातून दाखवता येतं.