दुकानाची वेबसाइट: घरचे एसईओ की व्यावसायिकाचे?

बेळगावच्या खडेबाजारातील कुंदा या मिठाईचे दुकान असो वा शहापुरातील साड्यांचे, वेबसाइट तयार झाल्यावर ती गूगलवर सापडावी यासाठीचे काम, म्हणजे एसईओ, स्वतः करायचे की व्यावसायिकाकडे सोपवायचे, हा प्रश्न मालकापुढे उभा राहतो.

घरच्या घरी बरेच काही होते. गूगल बिझनेस प्रोफाइल (शोधात आणि नकाशावर दुकानाची माहिती दाखवणारे) आणि सर्च कन्सोल (वेबसाइट गूगलच्या शोधात कशी दिसते हे सांगणारे) ही दोन्ही साधने मोफत आहेत. पत्ता, वेळा आणि छायाचित्रे भरण्यासाठी कोणाला पैसे मोजण्याची गरज नाही.

आपल्या भागातील खरी अडचण भाषेची आहे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, तरी मराठी माणूस ‘बेळगाव’ असेच शोधतो, कन्नड ग्राहक कन्नड लिपीत, तर बाहेरगावचा इंग्रजीत, आणि तोही जुन्या किंवा नव्या स्पेलिंगने. अशा वेळी तिन्ही भाषांची स्वतंत्र पाने करून, कोणते पान कोणत्या भाषेचे हे एचरेफलँग खुणेने गूगलला कळवणे आणि मोबाइलवरील पान निर्दोष ठेवणे हे जाणकाराचेच काम आहे, कारण गूगल प्रामुख्याने मोबाइलवरील आवृत्तीच तपासते. (यंत्राचे भाषांतर जसेच्या तसे चिकटवणारा जाणकार मात्र नकोच.)

व्यावसायिकाचा खर्च आधी होतो आणि फळ उशिरा मिळते. गूगलच्याच सांगण्यानुसार बहुधा चार महिने ते वर्षभर लागते. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. गल्लीतील गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानाला घरचे काम पुरे आहे. निपाणी, खानापूर, कोल्हापूरहून मागणी हवी असेल, तर मी व्यावसायिकच निवडीन.