बिल्ला विकणाऱ्याचा, सांगाडा घडवणाऱ्याचा

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या दोन अमेरिकी सायकली गेली चार वर्षे माझ्याकडे ओहायोत आहेत आणि हवा बरी असेल तेव्हा दोन्ही रस्त्यावर निघतात, त्यामुळे हे परीक्षण शोभेच्या वस्तूंचे नसून वापरातील वाहनांचे आहे. पहिल्या सायकलीच्या हँडलखालील उभ्या नळीवर बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीचा पितळी बिल्ला आहे आणि दुसरीवर ‘एल्गिन’ असे नाव आहे. गुडरिचने ही सायकल बनवलेली नाही आणि एल्गिन नावाचा सायकल कारखानाही नव्हता. या काळातील सायकल विकत घेऊ पाहणाऱ्याने सर्वांत आधी हेच समजून घ्यायला हवे, कारण त्या काळी बिल्ला बहुधा विकणाऱ्याचा असे.

माझी गुडरिच शिकागोच्या अर्नोल्ड, श्विन आणि कंपनीत तयार झाली. 1895 मध्ये स्थापन झालेली ही कंपनी स्वतःच्या नावाखेरीज इतर अनेक नावांनी सायकली पुरवीत असे. एल्गिन हे सीअर्स, रोबक या टपालाने माल विकणाऱ्या बड्या पेढीचे विक्रीनाव. माझी एल्गिन मॅसॅच्युसेट्समधील वेस्टफिल्डच्या कारखान्यातील, म्हणजे ‘कोलंबिया’ सायकली करणाऱ्यांच्या हातची आहे. परंतु मरे या ओहायोतील कारखान्यानेही सीअर्ससाठी एल्गिन बनवल्या आहेत. म्हणून एकाच नावाच्या दोन सायकली शेजारी उभ्या केल्या तरी एकीचा सुटा भाग दुसरीला बसेल अशी खात्री देता येत नाही. टपालानेच माल विकणाऱ्या माँटगोमेरी वॉर्ड या दुसऱ्या पेढीच्या ‘हॉथॉर्न’ची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे, कारण त्या नावाखाली क्लीव्हलँड वेल्डिंग आणि स्नायडर अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या कारखान्यांचे सांगाडे सापडतात.

तेव्हा पाहायचा तो सांगाडा. माझ्या श्विनच्या नळ्या सीटखालून निघून बाकदार वळणाने पुढे जातात, तर एल्गिनचा वरचा दांडा साधा असून त्याखाली दुसरा दांडा समांतर धावतो आणि दोहोंच्या मधली जागा पत्र्याच्या टाकीसाठी राखलेली आहे. (या टाकीत पेट्रोल नसते; मोटारसायकलचा डौल आणणे आणि फार तर भोंग्याच्या बॅटऱ्या सामावणे एवढेच तिचे काम.) श्विनच्या बोल्टांच्या माथ्यांवर ‘ए एस’ ही अक्षरे उठवलेली असतात आणि इतकी वर्षे कोणी बोल्ट बदलले नसतील तर ती मोठी साक्ष ठरते. चेनच्या पुढच्या दातेरी चाकातील हृदयाच्या आकाराची भोके पाहून पुष्कळ जण लगेच ‘श्विन’ म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. आपल्याकडच्या सायकलीत कॉटर पिन ठोकून क्रँक, म्हणजे पायडलाचा दांडा, बसवतात, तर या सायकलींत दोन्ही बाजूंचा क्रँक एकाच घडीव तुकड्याचा असतो. डावे पायडल आणि त्या बाजूचे नट काढले की क्रँक चाकासकट बाहेर येतो आणि तासाभरात दुसरे चाक चढवता येते. बिल्ल्याचेही तसेच आहे. त्याच्याखाली बुजवलेली जुनी भोके दिसली तर बिल्ला नंतर लावला, असे खुशाल समजावे.

काळ ठरवणे याहून अवघड आहे. दातेरी चाकाचा एकाआड एक दात गाळलेला आणि त्यावर एक इंच अंतराची चेन दिसली की विक्रेते ‘युद्धापूर्वीची’ असे ठामपणे सांगतात, पण ही चेन युद्धानंतरही काही वर्षे चालू होती. माझ्या दोन्ही सायकलींना तीच चेन आहे. पुढे 26 दात आणि मागे 10. फुगीर टायरही तेवढा निर्णायक नाही. 26 × 2.125 इंचांचा टायर श्विनने 1933 मध्ये बाजारात आणला आणि बाकीच्या कारखान्यांना तो लवकरच स्वीकारावा लागला, त्यामुळे असे टायर मूळचे असतील तर सायकल त्याआधीची नाही एवढेच कळते. त्यापेक्षा मागचा हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, उपयोगी पडतो. ‘मॉरो’ नावाच्या हबवर एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर वर्षाचे, आकडा तिमाहीचा. माझ्या श्विनवर ‘के 4’ आहे, म्हणजे ‘के’ या अक्षराच्या वर्षाची अखेर. अर्थात हा दाखला हबचा आहे. चाक दुसऱ्या सायकलीचे असेल तर तो सांगाड्याला लागू नाही. पायडलांच्या आसाखाली ठोकलेल्या क्रमांकाचा वेस्टफिल्डच्या बाबतीत चांगला उपयोग होतो, श्विनच्या बाबतीत मात्र फारसा नाही, कारण 1948 पूर्वीच्या नोंदी कारखान्याच्या आगीत जळाल्या.

हे मी थोडी किंमत मोजून शिकलो. या दोहोंच्या आधी एका विक्रेत्याने ‘1939 ची श्विन’ म्हणून मला एक सायकल दिली होती. रंग सुरेख होता आणि क्रोम नवे होते. घरी आणून ती उलटी केली तेव्हा सांगाड्यालाच जोडलेल्या नळीतून निघणारे स्टँड दिसले. श्विनने ते युद्धानंतर आणले. त्याआधीचे स्टँड मागच्या चाकाच्या आसापाशी बसे आणि वर उचलून मडगार्डला अडकवले जाई. ती सायकल मी तोटा सोसून विकली, घेणाऱ्याला खरे वर्ष सांगून.

चालवण्याच्या बाबतीत श्विन निःसंशय सरस आहे. तिच्या चिमट्यावर, हँडलच्या नळीसमोर, जाड स्प्रिंग आहे. विटांच्या जुन्या रस्त्यावर हिसके मनगटापर्यंत पोहोचत नाहीत, मात्र चढावर उभे राहून पायडल मारताना हीच स्प्रिंग पुढचा भाग डोलवते आणि जोर वाया जातो. दोन्हींचे वजन वीस किलोंच्या वर आहे आणि गिअर एकच, तेव्हा चढ दिसला की उतरून चालण्यात मला कमीपणा वाटत नाही. ब्रेक पायडल उलटे दाबून लागतो. पुण्यात हाताच्या ब्रेकवर वाढलेल्या माझ्या बोटांना पहिले काही आठवडे हवेत काहीतरी चेपावेसे वाटे. एल्गिन स्प्रिंगविना असल्याने कडक आहे, पण सरळ रेषेत ती अधिक स्थिर धावते आणि लांबच्या सपाट रस्त्यावर मी तीच काढतो.

घ्यायचीच असेल तर रंग उडालेली पण पुरी सायकल घ्यावी, चकचकीत पण अपुरी घेऊ नये. टाकी, दिवा, कॅरिअर हे भाग सुटे मिळवणे फार खर्चिक पडते आणि ते नावावरून मागवले तर फसगत ठरलेली आहे. माझ्या एल्गिनच्या दोन दांड्यांमधली जागा अजून मोकळीच आहे. ‘एल्गिनची टाकी’ म्हणून दोनदा टाकी आली आणि दोन्ही वेळा ती मरेच्या सांगाड्याची निघाली.