पक्की भिंत डावीकडे, चालणारा हात उजवा : धुळ्यातील ग्रॅब बार बसवण्याच्या सेवेबद्दल

धुळ्यात आग्रा रोडवरच्या हार्डवेअर दुकानांत स्टेनलेस स्टीलचे ग्रॅब बार, म्हणजे बाथरूममध्ये उठता-बसताना आधारासाठी धरायचे भिंतीवरचे दांडे, आता सहज मिळतात. अवघड आहे ते भिंत आणि माणूस दोन्ही पाहून बसवून देणारा कारागीर मिळणे. देवपुरातील आमच्या घरी हे काम आम्ही ज्या दुकानाकडून करून घेतले, ते बार विकते आणि स्वतःच्या कारागिराकडून बसवूनही देते. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची, डावी बाजू पक्षाघाताने अधू झाली आहे. हा अभिप्राय मुख्यतः बसवण्याच्या कामाविषयी आहे, कारण बार कितीही भारी घेतला तरी उठताना पडणारा सगळा भार शेवटी चार-सहा स्क्रूंवर आणि ते ज्या विटेत रुतले आहेत तिच्यावर येतो.

याआधी येऊन गेलेल्या एका प्लंबरने दोन्ही भिंती ठोकून पाहिल्या आणि कमोडच्या डावीकडची नऊ इंची बाहेरची भिंत पक्की आहे, तिथेच बार लावू, असे सांगितले. भिंतीबद्दल त्याचे म्हणणे बरोबर होते, पण ज्या बाजूचा हात उचलत नाही त्या बाजूला बार लावून उपयोग काय, हा प्रश्न त्याला पडला नाही. या दुकानाच्या कारागिराने मात्र टेप काढण्याआधी नानांना बोलावून घेतले. ‘‘नाना, आठे बठा बरं,’’ असे म्हणून त्याने त्यांना कमोडवर बसायला आणि मग नेहमीप्रमाणे उठायला लावले, आणि त्यांचा उजवा हात टाइलवर जिथे जिथे टेकला तिथे मार्करने खुणा केल्या. बसताना हात मांडीच्या बाजूला खाली दाब देत होता. उठताना मात्र तो गुडघ्याच्याही पुढे जाऊन ओढण्यासाठी काहीतरी शोधत होता. त्यावरून बाजूला एक आडवा आणि पुढच्या टोकाला एक उभा, असा एल आकाराचा बार ठरला. अमेरिकेतील सुगम्यतेच्या मानकात आडव्या बारची उंची जमिनीपासून 33 ते 36 इंच दिलेली आहे आणि आपल्याकडेही 2021 ची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. परंतु ही मापे प्रामुख्याने अनेकांच्या वापराच्या इमारतींसाठी आहेत. घरात बार एकाच माणसासाठी बसतो. नाना ठेंगणे आहेत आणि आमचा कमोडही बुटका आहे, म्हणून आमचा आडवा बार या मापापेक्षा थोडा खाली आला, आणि ते योग्यच झाले.

खरी परीक्षा होती उजवीकडच्या भिंतीची. ती बेडरूम आणि बाथरूम यांच्यामधली चार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची भिंत आहे. अशा भिंतीत प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू पिळला तर पहिल्या दिवशी तो घट्ट वाटतो, पण रोज अनेकदा पडणाऱ्या ओढीने गिट्टी हळूहळू सैल होते; भोकात फुगून पकड घेणारा जाड बोल्ट, म्हणजे फास्टनर, घातला तर तो फुगताना वीटच तडकू शकते. कारागिराने दोन्ही नाकारले. त्याने भिंतीतून आरपार भोके पाडली, स्टीलचे आटेदार रॉड घातले आणि बेडरूमच्या बाजूने जाड लोखंडी पट्टी लावून नट आवळले, म्हणजे ओढ एकेका विटेवर न येता भिंतीच्या मोठ्या भागावर पसरते. पट्टीला नंतर भिंतीचाच रंग दिला. बेडरूममध्ये ती दिसते, आणि आम्हाला तिचे काहीच वाटत नाही.

भोके पाडण्याची पद्धतही लिहिण्यासारखी आहे. आधी त्याने बोटांच्या पेरांनी टाइल वाजवून पाहिल्या. जिथे पोकळ आवाज आला ती जागा सोडली, कारण टाइलच्या मागे सिमेंटचा माल भरलेला नसेल तर बार आवळताना ती फुटते. नंतर टाइलवर कागदी चिकटपट्टी लावून, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून टाइलच्या बिटने सावकाश भोक पाडले आणि वीट लागल्यावरच बिट बदलून हॅमर सुरू केला. भोक आरपार जाणार असल्याने त्याने गीझरची पाइप कुठून वर गेली आहे एवढेच विचारले नाही, तर पलीकडच्या स्विचबोर्डची वायरिंगही शोधली आणि मेन स्विच बंद करून बॅटरीवरच्या ड्रिलने काम केले. टाइल लावण्याआधी पाइपांचे काढलेले फोटो आमच्याकडे होते, त्यांचा इथे फार उपयोग झाला. शेवटी फ्लँजच्या, म्हणजे बारच्या टोकाला भिंतीवर टेकणाऱ्या चकतीच्या, कडेने सिलिकॉन भरून एक दिवस पाणी लागू देऊ नका, असे बजावून तो गेला. त्याआधी त्याने बारवर स्वतःचा भार हळूहळू टाकून पाहिला. अमेरिकी मानक 250 पौंड, म्हणजे सुमारे 113 किलो भार सहन झाला पाहिजे असे सांगते, आणि घरातल्या बारकडूनही तेवढी अपेक्षा ठेवावी.

अंघोळीच्या जागेबाबत मात्र आमचे आणि दुकानाचे मतभेद झाले. खोक्यातल्या छापील पत्रकात उभ्याने शॉवर घेणारा माणूस दाखवलेला आहे. आपल्याकडे वयस्कर माणसे पाटावर नाहीतर स्टुलावर बसून, बादलीतले पाणी तांब्याने घेऊन अंघोळ करतात, त्यामुळे आधार खालून सुरू व्हावा लागतो. दुकानदार तिरपा बार सुचवत होते, कारण आडव्या आणि उभ्या बारची दोन्ही कामे एकातच होतात. पण साबणाचा ओला हात तिरप्या बारवरून खाली घसरतो, आणि ज्याला एकाच हाताचा भरवसा आहे त्याला ती जोखीम परवडत नाही. आम्ही आग्रह धरून जमिनीपासून दीड फुटावर सुरू होणारा उभा बार लावून घेतला. नळ किंवा टॉवेलचा रॉड धरून उठण्याची सवय आता नानांनी सोडली आहे.

मालाबद्दल थोडक्यात. बार 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा आहे, पृष्ठभाग खरखरीत आहे, आणि भिंतीपासूनचे अंतर दीड इंच आहे. अंतर यापेक्षा जास्त असले तर तोल जाताना हात कोपरापर्यंत आत सरकून अडकतो. स्वस्त 202 ग्रेड चुंबक लावून ओळखता येतो असे सर्रास सांगितले जाते, परंतु सामान्यतः दोन्हींना चुंबक चिकटत नाही, म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्यावा. पाकिटातले स्क्रू नुसते मुलामा दिलेले होते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात ते गंजायला वेळ लागत नाही. अंघोळीच्या बाजूच्या बारसाठी आम्ही ते बदलून स्टेनलेसचे मागितले, ते वेगळे पैसे न घेता मिळाले.

आता तक्रारी. याच दुकानाच्या काउंटरवर रबरी वाट्यांनी टाइलला चिकटणारे बार ‘भोक न पाडता आधार’ म्हणून विकायला ठेवलेले आहेत. टाइलच्या सांध्यावर किंवा ओल्या, मेणचट पृष्ठभागावर वाटीतली हवेची पकड कधी सुटेल ते सांगता येत नाही, आणि ती सुटते ती नेमकी भार पडताच. इतके चोख काम करणाऱ्या दुकानाने ते वृद्धांसाठी म्हणून विकू नयेत, असे मी मालकांना समोरच सांगितले आहे. दुसरे असे की दार आत उघडते की बाहेर, याकडे कारागिराने लक्ष दिले नाही. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. ते आम्ही नंतर सुताराकडून बाहेर उघडणारे करून घेतले आणि कडीही बाहेरून उघडता येईल अशी बसवली.

बिलात माल आणि मजुरी वेगळी दाखवली होती, आरपार बोल्टचे जास्तीचे पैसे आधी सांगूनच घेतले. काही महिन्यांनी कारागीर पुन्हा येऊन नट आवळून गेला, त्याचे पैसे घेतले नाहीत. ही सेवा सध्या फक्त धुळे शहरापुरती आहे. साक्री, शिरपूर किंवा शिंदखेड्याच्या लोकांना बार नेता येईल, पण बसवणारा तिथलाच शोधावा लागेल. त्याला भिंत किती इंची आहे ते आधी सांगावे, आणि ज्यांच्यासाठी बार लावायचा त्यांना त्या वेळी घरी ठेवावे.