बॉक्सरला भेटायला गोव्याला गेलो

जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशिनशॉप आहे, त्यामुळं दिवसातून दहा वेळा तरी असले नंबर डोळ्यांखालून जातात. आपला कर्नाटकाचा २९ नं सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ नं, गोव्याचा ३० नं. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि तरीसुद्धा 'पणजी ऑफिस'च्या पावतीवर ०७ नं सुरू होणारा, मोजून चौदा अक्षरांचा नंबर छापलेला असताना मी ती पावती तीनदा बघितली आणि चौथ्यांदा पैसे पाठवले. एकूण ३३,५००.

कसं झालं ते सांगायचं तर आधी आप्पांबद्दल सांगावं लागेल.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. जानेवारी १९८० मध्ये मुहम्मद अली दिल्लीला आला होता आणि आपल्या लष्करातल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनी लढत खेळला होता. (हाच कौर सिंग पुढं १९८२ च्या एशियाडला हेवीवेटमध्ये सुवर्णपदक घेऊन गेला.) आप्पा तेव्हा दिल्लीत होते. ही गोष्ट आमच्या घरात आरतीसारखी पाठ आहे, फक्त आरतीतले शब्द बदलत नाहीत. मी लहान असताना आप्पांनी अलीला लांबून बघितलं होतं, पुढं माणसं इतकी की वर झालेला एक हात तेवढा दिसला. माझ्या लग्नापर्यंत ते अंतर वीस फुटांवर आलं. नातवाला सांगताना अलीनं आप्पांकडं बघून मान हलवली. आई असती तर म्हणाली असती, अजून दोन वर्षं थांबा, जेवायलाच येतोय घरी.

बेळगावात पोरगा अंगानं भरला की लोक आनंदवाडीच्या आखाड्याकडं बोट दाखवतात. बॉक्सिंग कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मला मात्र आप्पांमुळं तो नाद लागला आणि आपल्याला त्यातलं कळतं असा समजही झाला. जो मला भेटला त्यानं नेमका तो समज पकडला.

ऑगस्टात इन्स्टाग्रामवर जाहिरात आली. परदेशातला एक माजी विश्वविजेता पणजीच्या मोठ्या हॉटेलात येणार, फक्त पंचवीस चाहत्यांना भेटणार, सोबत नाश्ता, फोटो, सही. त्या बॉक्सरचं नाव इथं लिहीत नाही. आपलं नाव असं कुणी वापरतंय हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसणार.

यात खोटं वाटावं असं मला काही दिसलं नाही. २०१८ च्या सप्टेंबरात माईक टायसन मुंबईला येऊन गेला होता. आपला विजेंदर सिंग, बीजिंग ऑलिंपिकचा कांस्यपदकवाला, २०१५ मध्ये व्यावसायिक झाला, सलग बारा लढती जिंकला आणि पहिल्यांदा हरला तो पणजीतच, मार्च २०२१ मध्ये, कॅसिनोच्या जहाजाच्या डेकवर, रशियाच्या आर्तिश लोपसानकडून. म्हणजे बॉक्सर गोव्यात येतात हे खरंच होतं. ती लढत बघायला जायचं मी ठरवलं होतं आणि कोरोनाच्या भीतीनं घरी बसलो होतो. या वेळी सोडायचं नाही असं मन आधीच बोलून बसलेलं, जाहिरात मी नंतर वाचली.

फोनवरचा माणूस अस्सल कोल्हापुरी बोलायचा. 'दादा' शिवाय वाक्य नाही. त्याची आत्ती म्हणे अनगोळला दिलेली. आप्पा फौजेतले आहेत म्हटल्यावर गडी क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "मग दादा, त्यांना पहिल्या रांगेत बसवायची जबाबदारी माझी." माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. शेवटी म्हणाला, "येताना अर्धा किलो कुंदा आणा की, साहेबांना बेळगावचं काहीतरी दिल्यासारखं होईल." बॉक्सरला गोड चालतं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "त्या दिवशी पथ्य नाही त्यांचं." पथ्याचंसुद्धा उत्तर तयार!

टोकन २,१००. दोघांचे उरलेले ८,४००. मग परदेशी पाहुणा आहे म्हणून 'पोलीस क्लिअरन्स'चे ५,०००, कार्यक्रमानंतर परत मिळणारे. पहिल्यांदा यूपीआयवर कुठल्या तरी बाईचं नाव उमटलं. "अकाउंटंट मॅडम आहेत, दादा." दुसऱ्या वेळी भलत्याच माणसाचं. "मॅडमचं आजचं लिमिट संपलं." माझ्या शॉपवर एखाद्या पार्टीनं असली उत्तरं दिली असती तर मी मालच गेटाबाहेर सोडला नसता.

मध्ये एक व्हिडिओही आला. खुद्द तो बॉक्सर 'हॅलो बेळगाव' म्हणतोय. ओठ एकीकडं, आवाज दुसरीकडं. मी नेटवर्कला शिव्या दिल्या.

आणि मग ग्लोव्ह. "दादा, आप्पांसाठी एक खास वस्तू आहे, पण कुणाला बोलू नका." मुहम्मद अलीच्या सहीचा ग्लोव्ह, साहेबांच्या स्वतःच्या संग्रहातला, १८,००० ला. चार दिवसांत कुरिअरनं आला. पारदर्शक पेटीत लाल ग्लोव्ह, एकच, उजव्या हाताचा, त्यावर काळ्या मार्करनं ऐटदार सही, शेवटच्या अक्षराची शेपटी पार अंगठ्यापर्यंत गेलेली. सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आणि चमकणारा होलोग्राम, सही २०१२ मध्ये समक्ष घेतली म्हणून. आधीची शंका होती नव्हती तेवढी त्या पेटीनं मारली. वस्तू खरोखरच आली की माणूस बाकी काही विचारत नाही. आप्पांना तेव्हा दाखवला नाही, गोव्याहून आल्यावर द्यायचा म्हणून कपाटात लपवला.

रविवारी पहाटे पाचला निघालो. आप्पांनी रेजिमेंटचा ब्लेझर घातला होता, बटण लागत नव्हतं तरी. जांबोटीला चहा घेतला, कणकुंबीत धुकं, चोर्ला उतरेपर्यंत आप्पा एक शब्द बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "इंग्लिशमधी काय बोलायचं रे त्याच्याशी?"

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीनं दोनदा कॉम्प्युटर बघितला. "आमचेकडेन असलें बुकिंग ना, सर." मी पावती पुढं केली. तिनं ती वाचलीसुद्धा नाही. "सकाळपासून तुम्ही तिसरे," म्हणाली, आणि आप्पांसाठी खुर्ची मागवली. एक फोन. आदल्या आठवड्यात त्या हॉटेलला मी एक फोन केला असता तर तिनं हेच सांगितलं असतं, फुकटात.

सोफ्यावर निपाणीचे एक गृहस्थ बसले होते, शेजारी अकरा-बारा वर्षांचा मुलगा, हातात नवे कोरे ग्लोव्ह, गाडीतूनच घालून आलेला. कुडाळचे दोन तरुण बाहेर येरझाऱ्या घालत होते. आमच्या कोल्हापुरी भावाचा फोन साडेनऊपर्यंत वाजत होता, नंतर बंद. आम्ही मोठी माणसं एकमेकांकडं बघायचं टाळत होतो. कुणी किती दिले हे विचारायची कुणाची हिंमत होईना, जो तो दुसऱ्यानं आधी आकडा सांगावा म्हणून थांबलेला.

तो मुलगा सारखा दाराकडं बघत होता. आप्पा उठले आणि त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. "हनुवटी खाली घे. डावा पुढं. कोपर अंगाला चिकटव, बरगडी उघडी ठेवतोस होय रे?" त्या चकचकीत लॉबीत अर्धा तास आप्पा हाताचे तळवे धरून उभे आणि पोरगा त्यावर ठोसे मारतोय. सिक्युरिटीवाला आला, बघत उभा राहिला, काही बोलला नाही. नंतर कुंद्याचा डबा पोरानंच संपवला.

रात्री घरी आल्यावर लपवून काय करायचं म्हणून ग्लोव्ह काढून आप्पांच्या पुढ्यात ठेवला. निदान एवढं तरी खरं आहे, असं मी तोपर्यंत धरून चाललो होतो. आप्पांनी चष्मा लावला, पेटी दिव्याखाली धरली, प्रमाणपत्रावरची तारीख वाचली.

"अटलांटाला ज्योत पेटवताना बघितलास न्हवं ह्याला? हात कसा लटलट कापत होता. ते शहाण्णव साल. आणि ही सही बाराची म्हणतोस. बघ की कशी पळालीय."

मला बॉक्सिंगमधलं कळतं! अलीला पार्किन्सन असल्याचं निदान १९८४ मध्ये झालं. नंतरच्या वर्षांत त्याची सही आखडत, बारीक होत गेली, आणि अशा वस्तू जमवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाला तो आला होता, त्याला धड उभंही राहवत नव्हतं, बायकोनं धरलं होतं. ते मी याच खोलीत टीव्हीवर बघितलंय. प्रमाणपत्राचं म्हणाल तर सही खोटी करणाऱ्याला प्रमाणपत्र खोटं करायला कितीसा वेळ लागतो? अमेरिकेत एफबीआयनं नव्वदच्या दशकात खेळाडूंच्या खोट्या सह्यांची टोळी पकडायला 'ऑपरेशन बुलपेन' चालवलं, त्यात सह्यांबरोबर प्रमाणपत्रंही बनावटच निघाली होती. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचायला कुणी अडवलं नव्हतं.

वाचता वाचता अलीचीच एक गोष्ट सापडली, ती डोक्यातून जात नाही. त्याला हातचलाखीचा भारी शौक. भेटायला आलेल्या माणसापुढं मुठीतून रुमाल गायब करायचा, लोक तोंडात बोट घालायचे, आणि मग हा स्वतःच रुमाल कुठं गेला ते उलगडून दाखवायचा. लोकांना फसवलेलं आपल्या धर्मात चालत नाही, म्हणायचा. सह्या तर वाटेल त्याला, वाटेल तिथं, फुकट. आणि मी त्याच्या नावाचे १८,००० मोजून बसलो होतो.

तक्रारीला मी पाच दिवस लावले, लाजेपायी. ही दुसरी चूक आणि पैशाच्या हिशेबानं पहिलीपेक्षा मोठी. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, पैसे गेल्या गेल्या तिथं फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात पळायच्या आत अडवता येते. माझे ५,००० कुठल्याशा खात्यात अडकलेले सापडले, बाकीचे तोवर काढून झाले होते. निपाणीच्या गृहस्थांनी हॉटेलच्या पायरीवरूनच १९३० लावला होता, त्यांचे बऱ्यापैकी थांबले. स्क्रीनशॉट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, चॅट, काहीही पुसू नका. मी रागाच्या भरात निम्मं चॅट उडवलं होतं, ठाण्यात तेच पहिलं मागितलं.

ठाण्यातला हवालदार खानापूरकडचा निघाला. मी मराठीत सांगतोय, तो कन्नडात टाइप करतोय. मध्येच थांबून त्यानं विचारलं, "म्हणजे पैलवान की हो?" मी म्हटलं, नाही, बॉक्सर. "तेच की," म्हणाला आणि टाइप केलं. काय केलं ते मला वाचता आलं नाही, बहुतेक पैलवानच असणार.

ग्लोव्ह आप्पांनी टाकू दिला नाही. शोकेसमध्ये कारगिलच्या वेळच्या फोटोशेजारी ठेवलाय. घरी कुणी आलं की त्यांना तो दाखवून सगळी हकीकत सांगतात. परवा माझे साडू आले होते, मी आत चहा गाळत होतो. बाहेर रक्कम पन्नास हजारांवर गेली होती आणि हॉटेलच्या दारात पोलिसांची गाडी उभी होती. मी कप घेऊन बाहेर आलो तर आप्पा माझ्याकडं बघून गप्प झाले. मी साखर किती ते विचारलं.